पहिल्या शब्दाच्या अलीकडे

बाबा, परवा रामदासपेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम झाला. मी एकटीच. पेटी नाही, ढोलकी नाही, गाणारं कुणी नाही. दोन टेपरेकॉर्डर आणि जुन्या रेडिओचे सुटे भाग जोडून मी केलेलं एक यंत्र, त्यातून एकच सूर निघतो आणि सावकाश बदलत जातो. तुम्हाला हे आवडलं नसतं, ते मला कुणी सांगायला नको. दोन स्टेशनांच्या मधे रेडिओचा काटा थांबवून मी ती घरघर ऐकत बसायची, तेव्हा एकदा जेवता जेवता हात थांबवून तुम्ही म्हणाला होतात, "काहून वं, आपल्या लोकायले आत्ता कुठी तोंड उघडाले भेटलं, अन् तू मुक्यावानी हे गुं-गुं ऐकून राहिली?" आई म्हणाली, "ऐकू द्या न तिले." तुम्ही हसला नाहीत. त्या बोलण्याचा मला अजून राग येतो, आणि उत्तर अजून सापडत नाही.

कारण तुमचं गाणं मी पाहिलंय. भीमजयंतीच्या मांडवात तुमची गायन पार्टी बसते, काका पेटीवर सूर धरतात आणि तुम्ही डोळे मिटून थांबता. स्वयंपाक आवरून आलेल्या बाया मागे अजून जागा शोधत असतात. शेवटची बाई टेकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा तुमचा नियम. मंडळाची पोरं घाई करू लागली की तुम्ही म्हणायचात, "तिच्यासाठीच त गातो गा मी." मग पहिला शब्द यायचा आणि अख्खा मांडव ताठ बसायचा. माझं ऐकून कुणाची पाठ अशी ताठ झालेली नाही.

भिवापूरच्या कार्यक्रमात लाऊडस्पीकरवाल्यानं तुमचं गाणं टेप केलं होतं. तुमच्यामागे तेवढं एकच स्पूल उरलं. त्यातला सुरुवातीचा तुकडा मी कापला: पेटीचा सूर, बायांची कुजबुज, तुम्ही आत घेतलेला श्वास. तिथंच मशीन थांबवलं. फितीची दोन्ही टोकं चिकटवली की तेवढंच गोल फिरत राहतं. परवाचा सगळा कार्यक्रम त्यावरच उभा होता. टाळ्या बऱ्या पडल्या. पेटीवाले काका पहिल्या रांगेत होते, आता पार थकलेत. त्यांनी तो श्वास ओळखला. माझा हात धरून म्हणाले, "बाया त कवाच्या बसल्या वं पोरी. मंग तो सुरू काहून नाही करून राहिला?"

लोकांना मी सांगते, मला शब्दांपेक्षा शांतता आवडते. आवडतेही. पण तुमचा शब्द आला की माझं काहीच उरणार नाही, ही धास्ती त्याहून मोठी आहे. उरलेलं स्पूल आज मशीनवर चढवलं, आणि बटण दाबायचं टाळायला हे पत्र लिहीत बसले. ते कुठं पाठवायचं नाहीच. बाबा, तुम्ही गेल्यापासून तो पहिला शब्द मी एकदाही ऐकलेला नाही.