कौलावरची भाकरी

६ जानेवारी २०२५

…तर त्या सकाळी मी गोठ्यातलं शेण काढलं, हंडे भरले, पडवी झाडली आणि यांना चहाला हाक मारायला बाहेर आले. हे अंगणात एका मुलीशी बोलत उभे. तिच्या पाठीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण. "अगं, ही वानरं बघायला आलीय!" — हसू दाबत म्हणाले.

आज त्याच मुलीचा, हर्षलाचा, फोन आला, म्हणून वीस वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवत बसले. ती शिकलेली माणसांचा अभ्यास. मानववंशशास्त्र. हा शब्द नीट म्हणायला मला एक अख्खा पावसाळा लागला. मग वानरं कशाला? तर म्हणाली, "मावशी, माणूस समजायचा तर जवळच्या नातेवाइकांपासून सुरुवात करायची." यांनी लगेच, "मग माझ्या मेव्हण्यापासून कर!"

कितीतरी हिवाळे ती आमच्या पडवीत राहिली. हे तिला डोंगरात न्यायचे. वानरांना नावंही यांनीच दिली — सोनुबाई, येसाजी, पोशा. जाताना ती पुस्तकं ठेवून जायची. मी चौथी पास. चुलीपाशी बसून वाचायची, नाही कळलं तर परत वाचायची. हे गेल्यावर त्याच सवयीनं मला सांभाळलं. तिचे उपकार मी कधी तोंडानं बोलले नाही. इथे लिहिते.

आता ती कॉलेजात शिकवते. वानरं नाहीत — शाश्वतता. "म्हणजे काय गं?" "आपण वापरून झाल्यावर पुढच्यालाही उरेल, असं जगायचं, मावशी." शनिवारी मुलांना घेऊन येतेय. आपल्या अंगणात वर्ग घेऊ का, विचारत होती. विचारायचं काय त्यात!

७ जानेवारी

शेजारच्या धोंडूबाईनं सकाळीच कुंपणावरून तोंड सोडलं. "अगं ए! तुजा नवरा रोज माज्या वालात जेवतो गं! तुजी भाकरी खायाची नि तोंडी लावाया माजे वाल!"

मी हसले. ती हसत नव्हती.

तिचं बोलणं उगाच नाही. तीन वर्षांपूर्वी यांचा दहावा. उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. आमच्या मुलानं, कमलेशनं, हात जोडून सांगितलं, "बाबा, आईला अंतर देणार नाही." तरी नाही. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात करंजावरून एक वानर उतरला, पिंडातला भात उचलला आणि आमच्याकडे बघत खाल्ला. सगळ्यांनी हात जोडले. मी तर रडलेच. ज्यांची आयुष्यभर मैत्री, त्यांच्याच रूपानं आले!

दुसऱ्या दिवसापासून मी पडवीच्या कौलावर भाकरी ठेवते. एकाचे दोन झाले, आता सगळी टोळी येते.

९ जानेवारी

भाकरी ठेवली. आले. एका मादीच्या पोटाला पिल्लू. बघून दिवस बरा गेला.

११ जानेवारी

वर्ग झाला. मुलं सारवलेल्या अंगणात मांडी घालून बसली. मी आत चहा करत होते, पण कान बाहेर.

हर्षला सांगत होती, ती वानरं का सोडून इकडे वळली. सोनुबाई डोंगर सोडून चौक गावाच्या रस्त्याला जायला लागली. फार्महाऊसला जाणारे लोक वळणावर गाडी थांबवून बिस्किटं, केळी द्यायचे. एका रविवारी सोनुबाई गाडीखाली गेली, पोटाशी पिल्लू होतं. "मी त्या टोळीबद्दल सगळं शिकले होते. आणि ती मेली माणसांच्या मायेनं! मग वाटलं, वानरांना काय शिकायचं राहिलंय? शिकायचंय ते माणसांना."

चहा उतू गेला.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आणि घरातून कोणी घालत असेल तर?" त्या पोरीला कौलावरची भाकरी दिसली असणार.

हर्षला म्हणाली, "तो वेगळा विषय आहे. पुढे चला."

वेगळा नाही. तिला ठाऊक, मलाही ठाऊक. माझ्यासाठी पोरांना अर्धंच शिकवलं तिनं!

मुलं गाडीकडे गेल्यावर मी तिला धरलं. "मघाशी विषय का टाळलास?"

"काकांचा विषय आहे, मावशी. तिथे मी कोण बोलणार?"

"बरं, एक सांग. एक नर टोळीत किती दिवस टिकतो?"

तिनं माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायची सवय नाही तिला. "दोनेक वर्षं. मग दुसरा येतो, त्याला हुसकावतो."

म्हणजे भात खाल्लेला तो केव्हाच गेला. मग मी कुणाला वाढतेय?

तिनं माझे हात हातात घेतले. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. आपल्याला खरं सांगणारं माणूस किती जणींना मिळतं?

१२ जानेवारी

आजही भाकरी ठेवली. हात आपोआप गेला. खाऊन झाल्यावर टोळी सरळ कुंपणापलीकडे उतरली. मी पहिल्यांदा तिकडे नीट बघितलं. शेंगा ओरबाडल्या, फुलोराच खुडला, वेल उपटले.

धोंडूबाई बांधावर बसली होती. आज ओरडली नाही, त्याचंच भ्या वाटलं. "यंदाचं शेवटचं गं. फुडच्या साली नाय पेरायची. म्हातारीनं किती राखायचं? तुला काय बोलू, तुजं बी दुख हाय."

वाल नसेल तर ती वर्षभर काय कालवण करणार? आणि हे असते तर काय म्हणाले असते? यांना वानर आवडायचे ते डोंगरातले. पडवीत आलेला येसाजी यांनीच एकदा हाकलला होता — "जा रं, तुजं घर तिकडं!" मी कशी विसरले!

रात्री कमलेश मोहोपाड्याहून कामावरून आला. त्याला सांगितलं. जेवता जेवता म्हणाला, "तुला जमेल, आई?"

माहीत नाही, म्हटलं.

१३ जानेवारी

भाकऱ्या दोघांपुरत्याच केल्या. मग काठी घेऊन धोंडूबाईच्या वालात जाऊन उभी राहिले. वानर आले. हाकलले.