तारीख घातलेला सेल

अप्पा,

आज सकाळी एका गिऱ्हाइकानं फोनवर त्याच्या लहानपणची गंमत सांगितली आणि मीही त्याच्याबरोबर खळखळून हसले. त्यानं तीसेक वर्षांपूर्वीच्या टीव्ही गेमचा बिनवायरचा पॅड माझ्याकडे दुरुस्तीला पाठवला आहे. म्हणाला, "मॅडम, आम्ही पाट्टीच्या टॉर्चमधले सेल काढून ह्यात घालायचो. बिचारी आजी अंधारात चाचपडत राहायची!" माझ्या सगळ्याच गिऱ्हाइकांकडे अशी एखादी गोष्ट असते. कुणी घड्याळातला सेल पळवलेला असतो, कुणी रेडिओतला. सगळ्यांना ती सांगताना हसू येतं. मला मात्र फोन ठेवल्यावर त्या हसण्याची इतकी लाज वाटली, की हातातलं काम बाजूला सारून हे लिहायला बसले.

माझा हा धंदा तुम्ही पाहिला नाहीत. जुन्या गेमच्या पेट्या अजून चालतात, पण त्यांच्याबरोबर आलेली सेलवरची खेळणी मरतात. बिनवायरचे पॅड, हातात थरथरणारे डबे, इवल्याशा पडद्यावर उजेड पाडणारे भिंगाचे दिवे. लोक आत सेल ठेवून विसरून जातात, ते गळतात, आणि पितळेच्या पट्ट्यांवर हिरवट पांढरी खरपुडी धरते. ती मी व्हिनेगरनं पुसून काढते. मग पेन्सिल सेलच्या मापाचे दोन लाकडी तुकडे करते, टोकांना स्क्रू बसवते, आणि एकातून वायर काढून ती मोबाइलच्या चार्जरला जोडते. मध्ये एक छोटा बोर्ड असतो, तो पाच व्होल्टचे तीन करतो. त्या पॅडला बापड्याला वाटतं की आपल्या पोटात दोन सेल आहेत. चेन्नई, बंगळूरपासून लोक हे मागवतात. लाकडाचा सेल गळत नाही, संपत नाही, आणि कुणाच्या खिशातून काढावाही लागत नाही, असं मी त्यांना सांगते. त्यातलं शेवटचं वाक्य त्यांना विनोद वाटतो.

तुमच्या खिशातलं ते ऐकायचं यंत्र मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. काडेपेटीहून जरा मोठं, सदऱ्याच्या वरच्या खिशात बसणारं, त्यातून कानापर्यंत गेलेली बारीक वायर. त्याला एकच पेन्सिल सेल लागायचा. सोमवारी सकाळी तुम्ही नवा सेल काढायचात, त्याच्याभोवती पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी गोंदानं चिकटवायचात आणि तीवर तारीख घालायचात. अम्मा चेष्टा करायची, "सेलचं बारसं झालं का?" तुम्ही म्हणायचात, तारीख असली म्हणजे वाद नको. तुमचं सगळंच तसं होतं. पुढच्या हॉलमध्ये तुमचं इन्स्टिट्यूट, सकाळी टायपिंग, संध्याकाळी सहाला शॉर्टहँड. टायपिंगला तुम्ही यंत्र काढून ठेवायचात, त्या खडखडाटात ते नकोच असायचं. शॉर्टहँडला मात्र कानांवाचून चालत नसे. तुम्ही मजकूर सांगायचा, मुलींनी रेघोट्या ओढायच्या, मग एकेकीनं उभं राहून तो परत वाचायचा. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि चूक झाली की एक बोट वर करायचात. रागवायचात नाही. ते बोट वर झालं की मुलगी आपणच जीभ चावायची.

मी आठवीत असताना मामानं सिंगापूरहून टीव्ही गेम आणला. वायरचा पॅड मी महिन्याभरात मोडला. राहिला तो बिनवायरचा, आणि तो राक्षस होता. दोन सेल चार दिवसांत गिळायचा. अम्मानं सांगितलं, महिन्याला दोन, त्याहून एक जास्त मिळणार नाही. मग मी संपलेले सेल गच्चीवर अम्माच्या वडामांच्या, त्या तांदळाच्या सांडग्यांच्या, शेजारी उन्हात वाळत घालायला लागले. सगळीच मुलं करायची तेव्हा. उन्हानं तापलेला सेल तासभर चांगला चालतो, मग मान टाकतो. त्या तासाभरानंच माझं डोकं चालवलं, अप्पा. तुम्ही दुपारी जेवून आडवे व्हायचात तेव्हा यंत्र टेबलावर असायचं. मी तुमचा सोमवारचा सेल काढला आणि उन्हातला आत घातला.

इथवर ती गिऱ्हाइकांच्या गोष्टीसारखीच गोष्ट आहे. पुढे नाही. तुमची पट्टी मी सोलायला गेले तर ती फाटली. म्हणून उन्हातल्या सेलसाठी मी नवी पट्टी कापली, गोंद लावला, आणि तुमच्या अक्षरात तारीख घातली. आकडे तुम्ही जरा उजवीकडे झुकवायचात आणि खाली बारीक रेघ ओढायचात. मी वहीच्या मागच्या पानावर आधी गिरवून पाहिलं, मग पट्टीवर लिहिलं. तेरा वर्षांच्या मुलीला तेवढं कळत होतं. कळत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण गिरवून पाहणाऱ्या माणसाला कळत असतं.

तुम्ही उठून यंत्र लावायचात तेव्हा ते ठीक चालायचं. संध्याकाळचा वर्ग निम्मा झाला की आवाज दूर जायचा. तुम्ही सेल काढून तारीख पाहायचात. दोनच दिवसांचा सेल, त्यावर संशय कसा घ्यायचा? तो म्हणजे आपल्याच हातावर संशय घेणं. पुढच्या सोमवारी नवा सेल घातला की एक दिवस बरं ऐकू यायचं, आणि मंगळवारी मी परत माझं काम करायची. डॉक्टरांनी तुम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की ऐकणं हळूहळू कमी होत जाईल. त्यामुळे तुम्ही कुणाकडे गेलाही नाहीत. "सांगटलंच होतं त्यांनी," आपल्या घरच्या तमिळ वळणाच्या मराठीत म्हणालात. असे सात की आठ आठवडे गेले.

मग ती संध्याकाळ. मी हॉलच्या दारात उभी आहे. तुम्ही खुर्चीत डोळे मिटून. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी वाचते आहे, कुठल्याशा कंपनीचं इंग्रजी पत्र. दोन ओळी वाचून ती थांबते, तुमच्याकडे नीट बघते, आणि त्याच सुरात तमिळमध्ये पुढे चालू करते. काल घरी वांग्याचं सांबार होतं, भावानं सगळं संपवलं, मला नुसतं ताक मिळालं. तुमचं बोट वर होत नाही. तुम्ही मान डोलावता आहात. ती विचारते, "सार, करेक्टा?" आणि तिचे ओठ थांबलेले बघून तुम्ही म्हणता, "व्हेरी गुड." वर्गातल्या पाचही जणी तोंडावर पदर, वही, हात धरून हसतात. हसणं तुम्हाला ऐकू आलं नाही, पण दिसलं. तुम्ही एकेकीच्या तोंडाकडे पाहिलंत. मग शांतपणे म्हणालात, आज इथवरच.

आत आलात ते थेट माझ्याकडे. यंत्राचं झाकण काढून सेल माझ्या तळहातावर ठेवलात. "तू पाव. तुझे डोळे चांगले अहेत. कधी घातला मी हा?" खरा सेल तेव्हा पाच पावलांवर, टीव्हीखालच्या पॅडमध्ये होता. मी माझंच अक्षर वाचलं. तुम्हाला ऐकू जावं म्हणून तुमच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून वाचलं, "सोमवारी, अप्पा! ह्याच सोमवारी!" तुम्ही मान हलवलीत. "मग सेल नव्हे. कानच गेला," म्हणालात, आणि माझ्या डोक्यावर थोपटलंत.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला बोलावून तुम्ही इन्स्टिट्यूटच्या दारावरच्या पाटीवरचं शॉर्टहँड पुसून घेतलंत. यंत्र कपाटात गेलं. मी घाबरून चोरी थांबवली, पुढच्या महिन्याचे माझ्या वाट्याचे दोन्ही सेल तुमच्यासाठी ठेवले, एक यंत्रात घालून ते तुमच्यापुढे धरलं, हातापाया पडून म्हटलं, एकदा लावून पाहा. तुम्हाला वाटलं पोरीला बापाची कीव आली. "नक्को गं. राहू दे," म्हणालात. एक वाक्य बोलले असते तर तुम्ही ते लावलं असतंत. मी यंत्र परत कपाटात ठेवलं. त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही आमच्यात होतात आणि आम्ही तुमच्याशी पाटीवर लिहून बोललो. माझं लग्न ठरल्याचंसुद्धा मी तुम्हाला पाटीवर लिहून सांगितलं.

लोकांना मी सांगते की तुमचे कान गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी फार रडले. रडले नाही, अप्पा. तुम्ही गच्चीवर जाऊन बसलात, हॉल रिकामा होता, टीव्हीपुढे हटकणारं कुणी नव्हतं. मी खेळले, आणि गेममधली जी पायरी मला महिनाभर जमत नव्हती ती जमली. मी आनंदानं उडी मारली. तुम्हाला ती ऐकू येणार नाही हेही मला माहीत होतं.

हे सगळं तुमच्यापुरतं असतं तर मी आता ते पोटात ठेवून मेलेही असते. पण अम्मा आहे. ऐंशी ओलांडली तिनं. तिच्या मनात भलतंच घट्ट बसलं आहे. त्या दिवसांत शनिवारी ती तुम्हाला तेल लावून न्हायला घालायची, आणि कानात ऊन तिळाच्या तेलाचे चार थेंब सोडायची. तिला वाटतं, त्या तेलानंच तुमचे कान गेले. कधी मोठ्यानं बोलली नव्हती. माझ्या मुलीला शुक्रवारी तेल लावायला लागली तेव्हा बोलायला लागली. आधी तिच्या कानांत कापूस कोंबते, मग डोक्याला तेल. परवा पोरगी वैतागून म्हणाली, "कापूस कशाला?" अम्मा म्हणाली, "असू दे. तुझ्या तात्ताचे कान मीच घालवले. ऊन तेल घातले मी. ते काही मणाले नाहीत कधी." मी तिथेच बसून वेणीसाठी फुलं निवडत होते. निवडत राहिले.

तिला सांगून टाकायला मला काय होतं? ती अजून सगळं ऐकते, तिचे कान माझ्याहून तिखट आहेत. पण ती विचारेल, "तीस वर्षं का बोलली नाहीस?" आणि तुम्ही काही विचारणार नाही, म्हणून मी तुम्हाला लिहीत बसले आहे. तेही देवनागरीत. तुम्हीच शिकवलीत ही लिपी, आणि तुमच्यानंतर ह्या घरात ती वाचणारं माझ्याशिवाय कुणी नाही. अम्मा तमिळ वाचते, माझ्या मुलीला तर मराठी नुसती कळते.

आत्ता अम्मा भिंतीला धरत धरत आत आली. "काय लिहीत अहेस एवढं? डोळे जातील की," म्हणाली, आणि जाऊन तिनं माझ्या डोक्यावरचा दिवा लावला. मी म्हटलं, "ऑर्डर लिहून घेते अम्मा." ती बरं म्हणाली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली, काम संपेपर्यंत सोबत म्हणून. तिला ह्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, अप्पा, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी कागदावर हात ठेवला.