अक्काची दाढ

बेंगळुरू,
१९ जानेवारी १९९४

ती. भागीरथीअक्कास,
तिम्मप्पाचा सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं दिसेल, पण त्याचा दोष हृदयाला देऊ नकोस. ते शाळेपासून तसंच आहे. शैलाने तुला ‘ऑपरेशन सुखरूप’ अशी तार केलीच होती. ते दोन्ही शब्द खरे आहेत हे माझ्या हातानं कळवावं, म्हणून लेकीच्या घरी गादीवर टेकून हे पहिलं पत्र लिहितो आहे. चार तारखेला छाती उघडली, सतरा तारखेला घरी सोडलं. पायातली शीर काढून हृदयाला जोडली आहे, म्हणजे माझं हृदय आता स्वतःच्या पायावर उभं आहे. हा विनोद मी तिथल्या सगळ्या डॉक्टरांना ऐकवला. एकच हसला, तोही शिकाऊ.

सागर गावच्या खेळात काय घडलं ते तुला लोकांनी तिखटमीठ लावून सांगितलं असेल. खरं असं, की मी दूत झालो होतो. राजापुढं लोटांगण घालायचं, उठायचं, पुन्हा घालायचं, हा यक्षगानातला माझा तीस वर्षांचा हुकमी प्रकार. दुसऱ्यांदा लोटांगण घातलं आणि उठताच येईना. छातीवर कुणी पोफळीचं खोड आणून टाकलंय असं वाटलं. लोक हसत होते. मी मदतीसाठी हात हलवला तर आणखी हसले. मला त्यांचा राग नाही, अक्का. तीस वर्षं मीच त्यांना माझ्या पडण्याला हसायला शिकवलं. पण मद्दळेवर बसलेल्या शंभय्याने वाजवणं थांबवलं. नंतर तो सांगत होता, की तिम्मप्पा पडतो तो नेमका ठेक्यावर पडतो, आज ठेका सोडून पडला तेव्हाच मी ओळखलं. त्यानंच मला उचलून मोटारीत घातलं. मी आज कुणामुळं लिहितो आहे असं कुणी विचारलं, तर डॉक्टरांच्या आधी मी त्याचं नाव घेईन.

सध्या खोकायचं किंवा हसायचं झालं तर छातीशी उशी घट्ट धरावी लागते, नाहीतर टाके ओरडतात. इथं येणारा प्रत्येक जण माझ्याकडून विनोदाची अपेक्षा करतो, आणि स्वतःच्याच विनोदाला हसलो की शिक्षा मला! तू मात्र खुशाल हसवणारं पत्र लिही. उशी तयार आहे.

भावोजींना नमस्कार. लोभ तुझा आहेच. वाढवणार असशील तर हळूहळू वाढव, टाके ओले आहेत.

तुझा,
तिम्मा


बेळ्ळेकेरी, ता. सिद्दापूर,
२६ जानेवारी १९९४

चि. तिम्मास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. सुपारी सोलायला बसलेल्या बायकांनी हातातले विळे खाली ठेवून ऐकलं. पायावर उभ्या हृदयाशी आल्यावर हे चक्क हसले. आमच्या लग्नानंतर हे असे तीनदा हसले असतील, त्यातला एक मान तुझा.

तार आली त्या दिवशी मी देवापुढं बसून होते. पोस्टमन दारात दिसला आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले. त्यानं बिचाऱ्यानं तिथूनच ओरडून सांगितलं, की चांगली बातमी आहे, चांगली आहे! त्याला मी काकवी घालून दोन डोसे खायला घातले. तो म्हणाला, अशा तारा रोज याव्यात. मी म्हटलं, अजिबात नको.

तिथं तुला मीठ देत नाहीत म्हणे. वाईट वाटून घेऊ नकोस. शैलाला सांग, ब्राह्मीची तंबळी करताना ताक जरा आंबट घे आणि जिऱ्याची फोडणी दे, म्हणजे मिठाची आठवण होत नाही. कोवळ्या मिडी कैऱ्यांच्या लोणच्याची बरणी मी तुझ्यासाठी भरून ठेवली आहे, पण पाठवणार नाही. डॉक्टर म्हणेपर्यंत तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही.

इकडं सगळं ठीक. यंदा पीक बरं आहे. कामाचा रेटा असल्यानं मला थोडी धाप लागते, बागेतून वर येताना पायऱ्यांवर दोनदा बसावं लागतं. वयच झालं म्हणायचं. त्यात खालची डावी दाढ ठणकते. घरी बसले की गप्प असते आणि पायऱ्या चढायला लागले की हिचं रडगाणं सुरू. सुपारीचा हंगाम संपला की उपटून टाकीन म्हणते.

तू मात्र सांगितलेलं ऐक. प्रकृतीला जप, आणि आमच्यावरची माया अशीच ठेव.

तुझी,
अक्का


बेंगळुरू,
२ फेब्रुवारी १९९४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तंबळी झाली. मिठाची आठवण झालीच, पण तुझीही झाली, त्यामुळं गोड लागली.

गेल्या मंगळवारी घरी एक पाहुणा आला. खाकी सदरा, खांद्याला चामड्याची पिशवी. मला वाटलं, तिकीट मागतोय की काय! सरकारी बसचा कंडक्टर, मुनियप्पा नावाचा. माझं रक्त म्हणे सहजी न मिळणारं. त्यानं ड्यूटी सोडून येऊन ते दिलं होतं, आणि मी जिवंत आहे की नाही हे बघायला आता सुट्टी काढून आला होता. मी हात जोडले तर तो लाजला. मी म्हटलं, तुमच्यासाठी काय करू? तो म्हणाला, काही नको, पुढं सरकत राहा. सवयीनं तोंडातून गेलं असेल, पण मला उशी शोधावी लागली. तो गेल्यावर मी बराच वेळ रडलो. शैला घाबरली, तिला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं गं. कोण कुठला माणूस, त्याचं रक्त माझ्यात फिरतंय, आणि आभार म्हणून मी त्याला काय देऊ शकलो तर एक कप बिनसाखरेची कॉफी.

आता दुसरं. तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या सिस्टर एलियम्मांना तुझं पत्र वाचून दाखवलं. मल्याळी बाई, बोलायला फटकळ, हाताला मऊ. त्यांना हसवायला म्हणून मी तुझं दाढेचं रडगाणं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, की दाढ जेवताना दुखते का चढताना? आणि बसल्यावर थांबते का? म्हणाल्या, दाढेला जिना कसा कळेल? बायकांचं हृदय पुष्कळदा छातीत दुखतच नाही. जबडा धरतं, खांदा धरतं, नुसती धाप लागते, आणि बाई हंगाम संपायची वाट बघत बसते.

तेव्हा मला खरं खरं कळव. जेवताना दुखते का? थापा मारू नकोस. तीस वर्षं थापा मारून पोट भरणाऱ्याशी गाठ आहे.

तुझ्या मायेवर जगणारा,
तिम्मा


बेळ्ळेकेरी,
९ फेब्रुवारी १९९४

चि. तिम्मास आशीर्वाद.

तुझ्या सिस्टरबाईंना सांग, की मला काही धाड भरलेली नाही. ज्याचं ऑपरेशन होतं त्याला सगळं जग आजारी दिसतं. गेल्या वर्षी शेजारच्या पार्वतीचा मोतीबिंदू काढला, तर ती आमच्या गाईचेसुद्धा डोळे तपासायला निघाली होती.

मी उठून दवाखान्यात गेले तर इथं कोण बघणार? वीस माणसांचं जेवण आहे, सुपारी उकडायची आहे. ह्यांना स्वतःचा पंचा कुठं आहे ते माहीत नसतं. एका घरात एक ऑपरेशन पुरे झालं. तू बरा झालास, देवानं माझं ऐकलं, आता मला त्याच्याकडं आणखी काही मागायचं नाही.

जेवताना दाढ दुखत नाही. झालं समाधान? आता तो विषय बंद. उलट टपाली तुझ्या तब्येतीचं लिही, माझ्या नव्हे.

तुझी,
अक्का


बेंगळुरू,
१४ फेब्रुवारी १९९४

ती. विघ्नेश्वर भावोजींस,
तिम्मप्पाचा सा. न. वि. वि.

थट्टा केल्याशिवाय मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आज थट्टा नाही. हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचा.

आमची आई गेली तेव्हा तुम्ही नवे जावई होतात. तेवीस पायल्या भात कांडून ती उठली, जात्याला टेकली आणि गेली. सगळे म्हणाले, वायू झाला. त्याआधी वर्षभर ती गालाला लवंगेचं तेल चोळायची. मी लहान होतो, मला तो वास आवडायचा म्हणून मी तिच्याजवळ जाऊन बसायचो. परवा अक्काचं पत्र वाचताना मला तो वास आला.

मी वाचलो कारण शंभय्याचं माझ्याकडं लक्ष होतं. अक्काकडं कुणाचं आहे? ती स्वतः तर बघणार नाही. तुम्ही कमी बोलता, म्हणून ती तुमचं ऐकते. तिला शिमोग्याला घेऊन जा, भावोजी. माझी शंका खोटी ठरली तर जन्मभर मला त्यावरून बोला, मी आनंदानं ऐकून घेईन.

आपला,
तिम्मप्पा


बेळ्ळेकेरी,
६ मार्च १९९४

चि. तिम्मप्पास आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. जे झालं ते क्रमानं लिहितो.

तुझं पत्र बागेतच मिळालं. दोनदा वाचलं. तिला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी परत येताना पाट साफ करतो असं सांगून मागं राहिलो. त्या पायऱ्या आम्ही चव्वेचाळीस वर्षं चढतो आहोत, आणि मी नेहमी पुढं. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या मागून चढलो. ती तीन ठिकाणी थांबली. पहिल्यांदा पदर सारखा केला. दुसऱ्यांदा मिरीचा वेल बघितला. तिसऱ्यांदा काहीच केलं नाही, हनुवटी धरून नुसती उभी राहिली. मला फार लाज वाटली.

दाढ काढायला म्हणून शिमोग्याला नेलं. दारावरची पाटी वाचून तिनं तिथंच, सगळ्यांसमोर, हा दातांचा डॉक्टर दिसत नाही असं मोठ्यानं सांगितलं. मी म्हटलं, आत चल. ती आली. डॉक्टरांनी तिला चालत्या पट्ट्यावर चालवलं आणि दोन मिनिटांत थांबवलं. त्याच दिवशी मंगळूरला धाडलं. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. फुगा घालून ती रुंद केली. छाती उघडावी लागली नाही. डॉक्टर म्हणाले, की हंगाम संपेपर्यंत थांबला असतात तर बोलायला फार उरलं नसतं.

काल घरी आलो. ती झोपली आहे. श्वास शांत चालू आहे. मी बसून बघतो आहे.

तुझं माझ्यावर केवढं ऋण झालं आहे ते मला लिहिता येत नाही.

विघ्नेश्वर भट्ट

ता. क. पंचा सापडला.


बेळ्ळेकेरी,
२४ मार्च १९९४

चि. तिम्मा,

दरवेळी आशीर्वाद लिहिते, या वेळी नमस्कार लिहिते. लहान भावाला थोरलीनं नमस्कार करू नये असं हे म्हणाले. मी म्हटलं, पत्र माझं आहे.

पहिले आठ दिवस तुझा फार राग आला होता. नवऱ्याशी संगनमत करून मला दाढेच्या नावाखाली नेलंत! पण मंगळूरला त्या टेबलावर पडल्यावर खोटं बोलायला जागा उरली नाही, म्हणून तुलाही खरं सांगते. मला माहीत होतं. दाढ नव्हे हे मला दिवाळीतच कळलं होतं. आई गेली तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. त्या दिवसापासून मी थोरली झाले, आणि थोरलीनं घाबरायचं नसतं असं मीच ठरवून टाकलं. तू पडल्याचं कळलं तेव्हा मी देवाला सांगितलं, की न्यायचंच असेल तर मला ने, त्याला ठेव. मग तू वाचलास. मला वाटलं, सौदा ठरला, आता गप्प बसावं. वेडी मी. देवानं असला सौदा केलाच नव्हता. त्यानं तुला ठेवलं आणि वर तुझ्याकडून मलाही ठेवून घेतलं.

आता रोज नवी चैन चालली आहे. मला काम करू देत नाहीत. हे सकाळी चहा करतात. त्याला चहा का म्हणायचं हे मी विचारत नाही, पिऊन टाकते. पिताना हे समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत राहतात. इतकं तर लग्नातही बघितलं नव्हतं. मी म्हटलं, चांगला झालाय. तेव्हा हे चौथ्यांदा हसले.

समाचाराला बायका येतात. येईल तिला मी सगळं सांगते, काहीही राखून न ठेवता. परवा पार्वती ऐकता ऐकता माझ्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, की पाण्याची घागर घेऊन चढलं की तिचा डावा खांदा भरून येतो, घागर ठेवली की बरा होतो, तिनं कुणाला सांगितलं नाही. तिचं ऐकून सुपारी सोलायला येणारी गिरिजा म्हणाली, तिला धाप लागते. मग मागं बसलेली गिरिजाची सासू बोलली. ऐंशीच्या घरातली बाई, गेली दोन वर्षं पाठीला राख चोळते आहे, आणि हे तिच्या सुनेलाही ठाऊक नव्हतं. माझ्या ओसरीवर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या, आणि कुणाला तरी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. रडून झाल्यावर येतं ना, तसलं हसू.

मी ह्यांना गुरुवारची जीप ठरवायला सांगितली. शिमोग्याला जाऊन तपासून यायचं. तिघीच होत्या, काल रात्रीपर्यंत सहा झाल्या. मी सातवी, पुढं ड्रायव्हरशेजारी, कारण डॉक्टरांचा पत्ता मला माहीत आहे. निम्म्याजणींनी ठेवणीतल्या साड्या काढल्यात. ड्रायव्हर सकाळी येऊन ह्यांना विचारून गेला, की लग्न कुणाकडं आहे? हे म्हणाले, आमच्याकडं.

आता निघायची घाई आहे, बाकीचं आल्यावर लिहीन. जप स्वतःला, आणि तुझा लोभ इकडं पाठवताना यापुढं जरा जास्त पाठव. वाटून घ्यायला माणसं वाढली आहेत.

तुझी,
अक्का