जहाज कुणाकडे होतं?

३ नोव्हेंबर

सकाळीच कप्तानाचा फोन. जहाज बंदराजवळ आलंय, भाजीपाला तयार ठेवा. माणूस बडबड्या, आणि मी काही कमी नाही. म्हटलं, साहेब, या खेपेला अंडी जास्त टाकू का? पलीकडे सामसूम. पुन्हा विचारलं. "अहो शेठ, मान हलवली की मी." दोघंही हसत सुटलो. केबिनमध्ये चहा पीत बसला असणार, आरामात.

लेकीनं घर डोक्यावर घेतलंय. नवरा येतोय ना त्याच जहाजावरून! सेकंड ऑफिसर. मी जहाजांना माल पोचवता पोचवता हा जावई हेरला, हे ती सोयीनं विसरते.

तोच दिवस, दुपार

जहाज रुतलं. सकाळीच, मला बातमी आत्ता लागली.

बंदराच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर. लख्ख ऊन, वारा नावाला नाही. धक्क्यावरून दिसतंय – जरासं कललेलं, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखं. या दांड्याला आमचा होडीवाला गप्पा मारता मारता वळसा घालतो. मग एवढं यंत्रांनी भरलेलं जहाज त्याच्यावर चढतं कसं?

पहाऱ्यावर कोण होतं म्हणे? आमचा जावई.

४ नोव्हेंबर

पिण्याचं पाणी आणि भाजी घेऊन जहाजावर गेलो. खलाशांना मोजून देत होतो, कान मात्र उघडे.

सुकाणूवाला शिडीशी विडी ओढत होता. त्याला कांद्याची गोण धरायला लावली आणि सहज विचारलं.

"शेठ, मला सांगतात तेवढं मी करतो. डावीकडे म्हणाले, डावीकडे घेतलं. पुढे सरळ कर असं कुणी म्हणालंच नाही."

"वाट दाखवणारा बोया दिसत नव्हता?"

"दिसत होता की. चुकीच्या बाजूला दिसत होता."

"मग बोलायचं नाही?"

"मागच्या वेळी बोललो तर कप्तान म्हणाले, तू चालवतोस का मी?"

आणखी एक कळलं. पाणी उथळ झालं की वाजणारी घंटा आहे वर. ती बंद करून ठेवली होती. बंदराजवळ सारखी पिरपिर करते म्हणून! गजर दाबून परत झोपणारी माणसं माझ्या घरातच आहेत, तेव्हा फार हसलो नाही.

५ नोव्हेंबर

जावई दोन तास घरी आला. लेकीनं वाढलेलं ताट तसंच.

"बाबा, पहारा माझाच होता. पण कप्तान वर ब्रिजवर, सुकाणूपाशी आले, फोनवर बोलत होते, आणि सुकाणूवाल्याला परस्पर म्हणाले, डावीकडे घे. असं केलं की जहाज त्यांनी हातात घेतलं असं आम्ही धरतो. तरी मी विचारलं, सर, जहाज तुमच्याकडे? ते हो म्हणाले. मग मी मागच्या टेबलावर बंदराचे कागद करायला गेलो."

दुकानात गल्ल्याची किल्ली दिली-घेतली की मी तोंडानं वदवून घेतो. यांच्यातही तसाच नियम आहे म्हणे. मग घोळ कुठं झाला? डोक्यात तेच फिरतंय.

चौकशी लागलीय. दोष याच्या माथी बसला तर परवाना जाईल.

७ नोव्हेंबर

चौकशीत कप्तानानं सांगितलं – मी हो म्हणालोच नाही, मी कंपनीशी फोनवर होतो, जहाज सेकंडकडेच होतं.

धडधडीत खोटं. आमची ही म्हणाली, "त्याला आता एक टोमॅटो देऊ नका." म्हटलं, जहाजावर बाकीची माणसंही जेवतात.

पण त्याला सोडणार नाही. सुकाणूवाल्याला गाठतो. त्यानं ऐकलं असेलच.

८ नोव्हेंबर

सुकाणूवाल्यानं "डावीकडे घे" ऐकलं. "हो" ऐकलं नाही. त्याची पाठ होती.

९ नोव्हेंबर

लेक माझ्यावर गेलीय. काल जावयाला समोर बसवून उलटतपासणी घेतली.

"तोंडानं हो म्हणाले?"

"हो म्हणजे... तसंच."

"तसंच म्हणजे कसं?"

"माझ्याकडे बघून मान हलवली गं."

मी कपबशी खाली ठेवली. ही म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, चहा गरम आहे.

केबिनमध्ये नव्हता तर कप्तान. कंपनीचा फोन म्हणे! भर ब्रिजवर अंड्यांच्या गप्पा मारत होता हे कुठल्या तोंडानं सांगेल? आता नीट आठवतंय. त्या सामसुमीत मागून कुणीतरी हळू काहीतरी विचारलं होतं. मला वाटलं, चहा आणणारा असेल. आणि त्याच्या आधी, माझं बोलणं चालू असतानाच, "डावीकडे घे".

म्हणजे त्या "हो"पुरतं दोघंही खरं बोलतायत. जावयाला वाटलं जहाज कप्तानाकडे, कप्तानाला वाटलं जावयाकडे. आणि जहाज आपलं कुणाचंच नसल्यासारखं चाललं होतं, मजेत, वाळूकडे.

"डावीकडे घे" मीही ऐकलं हे सांगितलं तर हुकूम कप्तानाचाच ठरेल, जावई सुटेल. पण तेवढंच कसं सांगू? फोन माझा होता म्हटलं की पुढचं विचारणारच. नाही विचारलं तरी मला ते ठाऊक आहेच.

१० नोव्हेंबर

चौकशीच्या साहेबांकडे जाऊन आलो. घरी अजून बोललो नाही. म्हटलं, दोन गोष्टी लिहून घ्या. हुकूम कप्तानानं दिला, तो मी फोनवर ऐकला. आणि ती मान मला हलवली होती.