पाचशे दहा ग्रेनचा अंतिम निर्णय

२ सप्टेंबर, सकाळी
आज या घरात एक अक्षम्य अपराध घडला. ग्रेनच्या, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढ्या वजनाच्या, दशांशापर्यंत अचूक असणाऱ्या माझ्या बाण तोलायच्या काट्यावर आर्डिसने, म्हणजे माझ्या सहधर्मचारिणीने, यीस्ट तोललं. जाब विचारला, तर म्हणे, तुझ्या बाणांनी गेल्या वर्षी घरात काय आणलं? यीस्टने निदान पाव तरी फुगतो. काटा पुसला. चौदा तारखेला शिकारीचा हंगाम उघडला, की सबंध विस्कॉन्सिन धनुष्य घेऊन हरणांसाठी झाडावर चढेल. संकल्प: यंदा बाणाचं वजन शास्त्रशुद्ध ठरवूनच चढायचं.

५ सप्टेंबर
टोकाला शंभर ग्रेनचं पातं म्हणजे पोरखेळ. बाण सुसाट जातो, बरगडीला अडतो. निर्णय: दोनशे ग्रेन. अंतिम.

६ सप्टेंबर
जड पात्यामुळे बाणाची कांडी वाकते. बाण शेपूट हलवत जातो. ताठ कांड्या मागवल्या. निर्णय अंतिमच.

१३ सप्टेंबर
ताठ कांड्या आल्या. एकूण वजन साडेसहाशे. तीस यार्डांवर बाण इतका खाली गेला, की गवताच्या गंजीऐवजी आर्डिसच्या भोपळ्यात शिरला. आरपार! भेदनशक्ती वादातीत. (आर्डिसने वाद घातला.) आता धनुष्यावरच्या, नेम धरायच्या पिना नव्याने लावणं आलं. उद्या जाणं अशास्त्रीय.

२१ सप्टेंबर
मेहुणा हार्लन येऊन गेला. शिकारीच्या कॅम्पवर कधी येताय, विचारत होता. आकडेमोड चालू आहे, म्हटलं. म्हणे, अहो दाजी, तुमची वाट बघून हरणं म्हातारी झाली. आणि येताना शर्ट लांब घाला, मागच्या वेळी कापायला पुरला नाही!
आमच्या कॅम्पचा रिवाजच आहे: नेम चुकला, की शर्टाचं मागचं टोक कापायचं, नाव-तारीख घालून भिंतीवर ठोकायचं. माझं लाल चौकड्यांचं टोक गेल्या नोव्हेंबरपासून शेगडीमागे लटकतंय. मीही हसलो. खिलाडूपणे.

१२ ऑक्टोबर
दीडशेचं पातं, एकूण पाचशे दहा ग्रेन. सुवर्णमध्य! हार्लनने दरम्यान हरणाची एक मादी मारली. बाणाचं वजन किती, विचारलं. म्हणे, दाजी, दुकानात होतं तेवढं.
पिसं बदलून पाहावीत का?

२ नोव्हेंबर, सकाळी ७
आर्डिसने सँडविच हातात कोंबून हाकललं. वीस फुटांवरच्या मचाणावर आहे. कमरेच्या पट्ट्याने झाडाला जखडलेला. पिसं जुनीच.

७:४०
मादी आली. अठरा यार्ड. ओकची फळं खातेय. हललो तर बिथरेल. पेन्सिलसुद्धा जपून.

८:२५
अजून खातेय. वारा अनुकूल. बाण निर्दोष. प्रकाश जरा कमी वाटतो.

८:५०
प्रकाश भरपूर आहे. धनुष्य मांडीवरच.

९:०५
गेली.

दुपारी, कॅम्पवर
हार्लनने विचारलं, काही दिसलं का, दाजी? नाही म्हटलं. तो कात्री वाजवत हसला आणि कॉफी करायला गेला.
शेगडीमागचं ते टोक पाहत बसलोय. गेल्या वर्षी नेम चुकलाच नव्हता. बाण लागला होता, एका मादीच्या पोटात. ओढ्यापर्यंत रक्त दिसलं, पुढे पावसाने धुऊन नेलं. तासभर शोधलं आणि परत आलो. सगळे विचारायला लागले, तेव्हा हुकलं म्हणालो आणि शर्ट कापून घेतला. ती कुठे जाऊन पडली, किती वेळाने मेली, ठाऊक नाही. आर्डिसलाही सांगितलेलं नाही.
आज हात उचलला नाही तो त्यामुळे. पुन्हा लागेल आणि पुन्हा सापडणार नाही, याची भीती वाटते.