निळ्या शर्टाचा पहारा

२ डिसेंबर
प्रज्ञाचा धुळ्याहून फोन. म्हणाली, आई, पेरूची बाग तुला एकटीला झेपणार नाही, बटाईनं दे आणि माझ्याकडे राहायला ये. पोपटांनी निम्मा माल खाल्ला, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हणाले, पंधराला रविवार आहे, ये. एक जरी पोपट बागेत दिसला तर बॅग भरून तुझ्याबरोबर निघते.
पोपटांना तेरा दिवस पुष्कळ झाले.

४ डिसेंबर
वाचनालयातून पुस्तक आणलं. चमकत्या पट्ट्या बांधा म्हणतं. बांधल्या. दुपारी एक पोपट पट्टीला लटकून झोके घेत होता. बहुधा घाबरून.

६ डिसेंबर
शेजारच्या शेतातले आधारभाऊ म्हणाले, जाळी लावा. जाळी भित्र्यांसाठी. मी गोफण काढली. पहिलाच दगड त्यांच्या पत्र्यावर. बांधावर येऊन म्हणाले, वहिनी, मना काय गुन्हा? पण आवाजानं एक पोपट उडाला. नंतर परत बसला, तो भाग वेगळा.

९ डिसेंबर
बुजगावणं केलं. यांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट चढवला. हे गेल्यापासून खुंटीवरच होता, धुतला नव्हता. आठवण वगैरे काही नाही. वेळ झाला नाही.
खिशात ज्वारीचे दाणे निघाले. म्हणजे उंदीर खिशापर्यंत पोचले होते. कोठीतली ज्वारी कमी होते, असं मी म्हटलं की हे मान डोलवायचे. पिंजराही यांनीच आणून दिला. उंदीर कधी सापडला नाही.
बुजगावणं कोपऱ्यातल्या झाडाशी उभं केलं. सगळ्या बागेत त्याच झाडाचे पेरू गोड.

११ डिसेंबर, सकाळ
मोठं यश. बाकी बाग मोकळी. सगळे पोपट कोपऱ्यात, शर्टाभोवती. घाबरलेली माणसंही अशीच एकत्र येतात.

१५ डिसेंबर, रविवार
प्रज्ञा सकाळच्या बसनं आली. बुजगावण्याच्या दोन्ही हातांवर पोपट. एक खिशात चोच घालून. प्रज्ञा हसायला लागली. आधारभाऊ बांधावरून म्हणाले, वहिनी, त्या शर्टले कशा भ्यातीन त्या? भाऊ हाऊच शर्ट घालीसन रोज सकायले त्यासले ज्वारी टाके. तुमले सांगू नको म्हने.
प्रज्ञाचं हसू थांबलं.
मी म्हणाले, मला माहीत होतं.
बॅगेचा विषय तिनं काढला नाही. संध्याकाळी एकटीच निघाली. बसमध्ये चढताना म्हणाली, आई, पोपटांना ज्वारी टाकत जा. मी म्हणाले, मी काय पोपट पाळलेत?

१६ डिसेंबर
पिंजरा आधारभाऊंना देऊन टाकला. त्यांच्याकडे उंदीर असतील.
उद्या जाळी आणते. पूर्ण बागेला लावणार, कोपऱ्यातलं झाड सोडून. त्याचे पेरू तसेही तुरट.