न वाकता पाहिलेलं चाक

७ जाने., रवि.
पहिली राइड. केदारखेडा, जाऊन-येऊन. सात मोटारसायकली. बाई मी एकटी.
ग्रुप गजाननने जमवलेला. जुन्या जालन्यात त्याचं कापडाचं दुकान आहे. निघण्याआधी म्हणाला, "ताई, आपल्यात एकच नियम हाय. आपली गाडी आपण न्हाई बघायची. शेजारच्याची बघायची." रांगेत उभं राहायचं, उजवीकडच्याची गाडी वाकून पाहायची, टोकाच्याने पहिल्याची. टायर, ब्रेक, चेन, चाकांचे नट. मग हात वर. सात हात वर झाल्याशिवाय कोणी गाडी सुरू करत नाही. आपल्या गाडीतली खोट आपल्याला दिसत नाही, म्हणून.
चहाला कोणीतरी विचारलं, सर्व्हिसिंग कुठे करता. "मी स्वतःच करते," म्हटलं. सगळे थांबून पाहायला लागले.
हे खरं आहे. गॅरेजवाल्या रऊफभाईंनी दोन वर्षं शिकवलं, हेही खरं आहे. ते सांगितलं नाही.

१० जाने., बुध.
ऑफिसमधून थेट रऊफभाईंकडे. चेन रॉकेलने धुतली, ब्रशने घासली, कोरडी केली, तेल दिलं. ते दुसऱ्या गाडीवर काम करत होते, मान न वळवता म्हणाले, "जास्त झालं तेल. पुसा. चेन काय भजी हाय का?"
रविवारचं सांगावंसं वाटलं. काय सांगणार.

१४ जाने., रवि.
राइड नाही. सगळ्यांकडे पाहुणे.

१८ जाने., गुरु.
देशपांडे आमच्याच कार्यालयात, आवक-जावकला. ग्रुपमध्ये मला त्यांनीच आणलं. त्यांच्या गाडीची चेन सैल झालेली. "ताई, बघता का जरा?"
जेवणाच्या सुट्टीत मागच्या शेडमध्ये. मागच्या चाकाच्या नटातली दोन पायांची पिन काढली, नट सैल केला, चेन ताणली. दोन शिपाई, एक तलाठी बघत उभे. तलाठी म्हणाला, "म्याडम, आमच्या ट्रॅक्टरचं बी बघा की एकदा." हशा. मीही हसले. काळ्या हातांनी या लोकांसमोर उभं राहायला मला आवडतं. लिहून ठेवते, निदान इथे.
साहेबांनी मध्येच वर बोलावलं. वीस मिनिटं गेली. येऊन नट आवळला. देशपांडे खूष.

२० जाने., शनि.
दे.नी गाडी रऊफभाईंकडे नेली. ऑइल बदलायचं, धुवायची, एवढंच. उद्या शहागड.

२१ जाने., रवि.
वडीगोद्रीच्या अलीकडे दे. पडले. मी त्यांच्या मागेच होते. मागचं चाक तिरपं झालेलं दिसलं, चेन सुटली, गाडी आडवी. मागून ट्रक होता. त्याने वेळेवर बाजूला घेतला म्हणून.
हासळीचं हाड मोडलं. उजवा कोपर सोललेला. शुद्धीवर होते. म्हणाले, "ताई, माझा चष्मा बघा कुठं पडला." रस्त्यावर गुडघ्यांवर बसून चष्मा शोधला.
गजाननने चाक पाहिलं. नट शेवटच्या आट्यावर. पिन नाही.

२२ जाने., सोम.
डब्याच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात पिन सापडली. एक पाय तुटलेला. नवी घालायची म्हणून जुनी तिथे टाकली होती. मग साहेबांनी बोलावलं. मग मी नट आवळला.
ती पिन नसली की नट फिरू शकतो. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे.

२३ जाने., मंगळ.
आणखी एक. काल लिहायला झालं नाही.
रविवारी रांगेत माझ्या उजवीकडे देशपांडे होते. त्यांची गाडी मी पाहायची होती. पाहिली नाही. वाकलेच नाही. माझ्याच हातचं काम, काय पाहायचं. हात वर केला.

२५ जाने., गुरु.
दे.कडे गेले. हात गळ्यात बांधलेला. वहिनींनी पोहे केले, मी संपवले. पूर्ण प्लेट.
मी म्हटलं, "चेन मी ताणली होती…"
त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. "तुमच्या हातानंतर रऊफभाईचा हात लागला ना. मंग? घोळ तिथंच झाला. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"
मी थांबले. थांबता येत होतं.

२८ जाने., रवि.
राइड नाही. गजाननच्या दुकानात सगळे बसलो. कापडाच्या गठ्ठ्यांवर.
गजानन: "ताईनं हात वर केल्ता. म्हंजे निघताना पिन होती. रऊफनं नीट वळवलीच नसणार, वाटेत गळाली."
कोणी म्हणालं, वय झालं त्याचं. कोणी म्हणालं, मागे माझ्याही गाडीत असंच. नव्हतं, असं कधी काही झालेलं नव्हतं.
यापुढे ग्रुपची कोणतीही गाडी तिकडे टाकायची नाही, ठरलं. गजानन माझ्याकडे वळला. "ताई, तुम्हाला काय वाटतं?"
"तुम्ही म्हणाल तसं."
माझ्या न वाकण्याचा पुरावा झाला. रऊफभाईंविरुद्ध.

३० जाने., मंगळ.
काही नाही. गाडी काढली नाही. रिक्षाने गेले.

३ फेब्रु., शनि.
रऊफभाईंकडे. नेहमी सहा-सात गाड्या असतात. दोन होत्या.
चहा मागवला त्यांनी. एक माणूस मागच्या चाकाचा आवाज घेऊन आला. त्याला म्हणाले, "चाकाचं काम बंद केलं. ऑइल, पंक्चर असंल तर सांगा." तो गेला.
मग माझ्याशी, हळू. "ताई, लई याद करून राह्यलो. ती गाडी धुतली, ऑइल टाकलं. चाक खोलल्याचं बिलकुल याद येत न्हाई. पण खोललं असंल. आदत हाय हाताला. आन् पिन टाकायची राहिली." हातांकडे पाहत होते. "चाळीस साल झाले. असं कधी झालं न्हाई."
चहा गार झाला होता. मी प्यायले.
जाताना म्हणाले, "एक काम करता? हा ऑइलचा नट आवळला मी. नजर टाका जरा."
वाकले. या वेळी वाकले.
"बराबर?"
"बराबर."
ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं, ते मला विचारत होते.

४ फेब्रु., रवि.
त्यांच्याच पद्धतीने माझी गाडी नीट पाहिली. दोन तास लागले. एकही खोट नाही.

७ फेब्रु., बुध.
का सांगत नाही, ते लिहायचं ठरवून बसले.
नोकरी जाणार नाही. पोलिसांत कोणी जाणार नाही. दे. रागावतील, मग विसरतील. भीती एवढीच, की त्या शेडमधले लोक पुन्हा हसतील आणि मला त्यात हसता येणार नाही. एवढ्यासाठी. यापेक्षा मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

१० फेब्रु., शनि.
सांगितलं. रऊफभाईंना.
"भाई, चाक तुम्ही खोललंच नव्हतं. मी खोललं होतं. पिन मी टाकली नाही."
त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग: "मी खोललंच न्हाई?"
"नाही."
"मंग याद कुठून येणार!" हसले. मोठ्याने हसले. शेजारचा पंक्चरवाला डोकावला.
मग हसणं थांबलं.
"ताई, रोज घरी बेगमला सांगून राह्यलो, माझे हात गेले म्हणून. ती दुवा मागती माझ्या हातांसाठी." साबणाने हात धुवायला लागले, पुन्हा पुन्हा. पाठ माझ्याकडे. "आन् तुम्ही इथं येऊन बसल्या. चहा पिल्या."
"हो."
"मला एकट्याला सांगून काय फायदा. मला आता ठाऊक झालं. गावाला काय ठाऊक?"
"उद्या सांगते."
"आता तुमची गाडी घेऊन जा," म्हणाले.

११ फेब्रु., रवि.
स. सहा. अंबड चौफुली. दे.ही आले होते, हात अजून बांधलेला, सोडायला म्हणून. रांग लागली. हात वर व्हायच्या आत बोलले. चार वाक्यं. पाठ केली होती, तरी तिसरं चुकलं.
गजानन: "ताई, आता कशाला? मिटलं होतं की."
"रऊफभाईंचं मिटलं नव्हतं."
कोणी: "बाईमाणूस म्हणून आम्ही इतकं…"
दे. शेवटी बोलले. "मला संशय आल्ता का? आल्ता बहुतेक. तुम्हाला त्या दिवशी बोलू दिलं न्हाई ते का, मी स्वतःला विचारलंच न्हाई." मग चष्मा पुसायला गेले, एका हाताने जमेना.
नंतर सगळ्यांनी एकमेकांच्या गाड्या पाहिल्या. दे.ची गाडी नव्हती; सहापैकी पाच हात वर झाले. त्यात माझाही होता. माझ्या डावीकडे उभा असलेला सरळ समोर बघत होता. माझ्या गाडीसाठी कोणी वाकलं नाही. म्हणून मी निघू शकले नाही. नियम तोच आहे.
गाड्या गेल्या. दे. आणि मी थांबलो. ते रिक्षाने गेले.

१३ फेब्रु., मंगळ.
संध्याकाळी रऊफभाईंकडे. पाच गाड्या. गजाननची होती, मागचं चाक काढून ठेवलेलं. तो स्वतः नव्हता.
भाईंनी मान वर केली नाही. माझ्याआधी तीन गाड्या होत्या. बाकावर बसले. एका माणसाने विचारलं, मॅडम, तुमची कोणती. दाखवली. काय झालंय तिला? काही नाही, म्हटलं. तो हसला.
भाईंनी गजाननच्या चाकात पिन घातली, दोन्ही पाय वळवले, बोटाने ओढून पाहिली. मला दाखवली नाही. विचारलं नाही.
सातला शटर अर्धं ओढलं. माझा नंबर आला नव्हता. रस्त्याकडे बघत म्हणाले, "ठेवून जाता का घेऊन जाता?"
सगळ्या गिऱ्हाइकांना हेच विचारतात. त्याच आवाजात.
किल्ली बाकावर ठेवली आणि चालत निघाले. त्यांनी ती उचलली का, पाहायचा धीर झाला नाही.